कौटिल्याच्या राज्यांतील अरण्यें व त्यांची संपत्ति



अरण्य हा शब्द ऐकतांच आपल्या मनापुढें बहुधा दोन चित्रें उभीं राहतात. एक रामायणांतील दंडकारण्याचें : ऋषींचे आश्रम, राक्षसांचें भय आणि वनवास. दुसरें गोष्टींच्या पुस्तकांतील : वाघ, शिकारी आणि वाट चुकलेला राजपुत्र. या दोन्ही चित्रांत अरण्य म्हणजे मनुष्यवस्तीच्या पलीकडचा, नियमांबाहेरचा प्रदेश होय. परंतु आपल्याच देशांत फार पूर्वीं असा एक ग्रंथ लिहिला गेला कीं, ज्यांत अरण्याकडे अगदीं निराळ्या दृष्टीनें पाहिलें आहे. त्या ग्रंथांतील राज्यांत अरण्यास हद्द आहे, अधिकारी आहे, रखवालदार आहेत, जमाखर्च आहे आणि अपराधाच्या दंडाचे दरही ठरलेले आहेत. तो ग्रंथ म्हणजे कौटिल्याचें अर्थशास्त्र.

हें राज्य नकाशावर दाखवितां येत नाहीं. ग्रंथकारानें त्यास नांव दिलेलें नाहीं. त्याच्या राजाचें अगर राजधानीचेंही नांव कोठें सांगितलेलें नाहीं. राज्य कसें असावें याचा तो एक आराखडा आहे. त्यांतील अरण्यें हीं कोणीं प्रवाशानें पाहून वर्णिलेलीं अरण्यें नव्हेत, तर एका अत्यंत व्यवहारी बुद्धीच्या मनुष्यानें मनांत आंखलेलीं अरण्यें होत. असें असलें तरी तीं अभ्यासण्यासारखीं आहेत. मनुष्य आपल्या कल्पनेंतलें राज्य कसें रचतो, यावरून त्यास कोणत्या वस्तूची किंमत वाटते आणि कोणत्या वस्तूची वाटत नाहीं, हें स्पष्ट कळतें. अरण्य कोणाचें, हा प्रश्न आजही आपल्या देशांत मिटलेला नाहीं. म्हणून त्याचें हें जुनें उत्तर नीट समजून घेणें उपयोगाचें आहे.

ग्रंथाची ओळख

अर्थशास्त्र हा ग्रंथ कित्येक शतकें विद्वानांना बहुतांशीं नांवानेंच ठाऊक होता. इतर ग्रंथांत त्याचे उल्लेख येत, परंतु प्रत दृष्टीस पडत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभीं तंजावरकडील एका पंडितानें ताडपत्रावर लिहिलेली एक पोथी म्हैसूरच्या सरकारी प्राच्य ग्रंथालयास दिली. तेथील विद्वान आर. शामशास्त्री यांनीं ती वाचून तिचें महत्त्व ओळखलें. १९०९ सालीं त्यांनीं मूळ संस्कृत ग्रंथ छापून प्रसिद्ध केला, आणि १९१५ सालीं त्याचें संपूर्ण इंग्रजी भाषांतर बाहेर पडलें. पुढें प्रा. र. पं. कंगले यांनीं सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ति, भाषांतर व विवेचन मुंबई विद्यापीठानें १९६० ते १९६५ या काळांत तीन भागांत छापलें. एका महाराष्ट्रीय पंडिताचें हें काम जगभरचे अभ्यासक अजून हाताशीं ठेवतात.

परंपरेप्रमाणें कौटिल्य म्हणजेच चंद्रगुप्त मौर्याचा मंत्री चाणक्य, व ग्रंथाचा काळ इ. स. पूर्व चौथें शतक. अलीकडील बहुतेक संशोधकांना हें मान्य नाहीं. थॉमस ट्राउटमन यांनीं १९७१ सालीं ग्रंथांतील शब्दांची मोजदाद करून तो एका हातचा नसावा असें दाखविलें. पॅट्रिक ऑलिव्हेल यांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या भाषांतरांत त्याचा काळ इ. स. पूर्व पहिल्या शतकापासून इ. स. तिसऱ्या शतकापर्यंतच्या सुमारास आणून ठेवला आहे. या लेखांत सोयीसाठीं ग्रंथकारास आपण कौटिल्य असेंच म्हणूं. ग्रंथांत १५ अधिकरणें व १५० अध्याय आहेत. अरण्यांचा विचार मुख्यतः दुसऱ्या अधिकरणांत, म्हणजे निरनिराळ्या खात्यांच्या अध्यक्षांचीं कामें जेथें सांगितलीं आहेत तेथें, आला आहे.

अरण्यांचे प्रकार

जी जमीन नांगराखालीं येऊं शकत नाहीं तिचें काय करावें, या प्रश्नापासून कौटिल्य आरंभ करतो. त्याच्या मतें कोणतीही जमीन निरुपयोगी नसते. फक्त तिचा उपयोग ठरवावा लागतो. अशा जमिनीवर प्रथम गुरांसाठीं कुरणें राखावीं. नंतर वेदाध्ययनासाठीं, सोमयागासाठीं व तपस्व्यांसाठीं कांहीं वनें द्यावीं. त्या वनांतील स्थावर व जंगम, म्हणजे झाडें व प्राणी, या सर्वांस अभय असावें. त्यांचा विस्तार एक गोरुत असावा असें तो सांगतो. गोरुत हें अंतराचें माप आहे. त्या शब्दाचा मूळ अर्थ गायीचें हंबरणें असा आहे, व जेथवर तें ऐकूं येतें तेवढें अंतर त्यावरून सुचविलें जातें.

यानंतर राजाच्या मृगयेचें वन येतें. त्याभोंवतीं खंदक असावा, आंत जावयास एकच द्वार असावें, झाडें गोड फळांचीं व बिनकांट्यांचीं असावीं, तळीं उथळ असावीं, आणि हिंस्र पशूंचे दांत व नख्या काढलेल्या असाव्या. राजाची मृगया निर्भय व्हावी एवढीच येथें दृष्टि आहे. परंतु त्याच्याच पुढें कौटिल्य दुसऱ्या एका मृगवनाची आज्ञा करतो. तेथें सर्व जातींच्या प्राण्यांस पाहुण्यांप्रमाणें वागवावें. ज्या वनांत प्राण्यांस अभय असतें त्यांस ग्रंथांत पुढें अभयवन असें नांव येतें. आजच्या अभयारण्य या शब्दाशीं तें किती जुळतें हें सांगावयास नको.

यांखेरीज दोन वनें राज्याच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचीं. एक द्रव्यवन, म्हणजे ज्यांतून लांकूड, वेळू, वाख, औषधि इत्यादि माल निघतो तें. दुसरें हस्तिवन, म्हणजे हत्तींसाठीं राखलेलें तें. द्रव्यवनें प्रत्येक मालासाठीं निराळीं राखावीं, त्या मालापासून वस्तू करण्याचे कारखाने तेथें काढावे, व अरण्यांत राहणारे लोक त्या वनांशीं जोडून द्यावे, असें तो सांगतो. पूर्वीच्या राजांनीं राखलेलीं द्रव्यवनें, हस्तिवनें, बंधारे व खाणी यांचें नव्या राजानें रक्षण करावें, आणि नवींही निर्माण करावीं, असा त्याचा सर्वसाधारण नियम आहे. वारशानें मिळालेलें खाऊन बसणारा राजा त्याच्या मतें कर्तव्यास चुकतो.

कुप्याध्यक्ष आणि त्याचें कोठार

द्रव्यवनांतील मालास ग्रंथांत कुप्य म्हटलें आहे, आणि त्या खात्याच्या मुख्यास कुप्याध्यक्ष. वनपालांकडून माल आणविणें, कारखाने चालविणें, आणि द्रव्यवनांत तोड करणाऱ्यांनीं काय द्यावें व अपराध्यांस किती दंड व्हावा तें ठरविणें, हीं त्याचीं कामें. येथें एक लहानसा अपवाद कौटिल्यानें जोडला आहे तो लक्षांत ठेवण्याजोगा आहे : आपत्काळीं तोड केली असेल तर हा नियम लागू नाहीं. संकटांत सांपडलेल्या माणसानें मोळीभर लांकूड नेलें तर त्यास अपराधी समजूं नये, एवढी समज या कठोर शास्त्रकारासही होती.

कुप्याची यादी त्यानें वर्गवार दिली आहे. ती वाचतांना एखाद्या मोठ्या वखारींतून फिरल्यासारखें वाटतें. पहिला वर्ग भक्कम लांकडांचा. त्यांत साग, तिवस, अर्जुन, मोह, साल, शिसव, खैर, शिरीष, ताड, आंबा, धावडा इत्यादि नांवें आहेत. यांतील बहुतेक झाडें सह्याद्रीच्या उतारांवर आजही आढळतात, आणि घराचे वांसे, गाड्यांचीं चाकें व नांगर यांसाठीं आपल्या खेड्यांतील सुतार पिढ्यानुपिढ्या त्यांतलींच लांकडें निवडीत आले. दुसरा वर्ग वेळूंचा. त्याच्याच आठ जाती सांगितल्या आहेत. तिसरा वेत व इतर वेलींचा. चौथा वाख देणाऱ्या वनस्पतींचा. त्यांत मोरवेल, रुई, ताग, जवस यांसारख्या वनस्पति येतात. दोर वळण्यासाठीं मुंज व बल्बज हीं गवतें निराळीं सांगितलीं आहेत. लिहिण्याच्या पानांसाठीं ताड व भूर्ज. रंगाच्या फुलांसाठीं पळस, करडई व केशर. औषधांसाठीं कंद, मुळें व फळें. विषांचाही एक वर्ग आहे. त्यांत बचनाग आहे, आणि मडक्यांत कोंडून ठेवलेले साप व किडेही आहेत. पुढें कातडीं, हाडें, स्नायू, दांत, शिंगें, खूर व शेपट्या. नंतर लोखंड, तांबें, पोलाद, कांसें, शिसें, कथील, पितळ हे धातू. व शेवटीं कोळसा, कोंडा, राख, सरपण आणि गवत.

या यादींतून दोन गोष्टी शिकावयाच्या. पहिली, अरण्याची संपत्ति म्हणजे केवळ इमारती लांकूड नव्हे. आजही पुष्कळांची समजूत अशी असते कीं, जंगलाची किंमत म्हणजे सागाच्या घनफुटांची किंमत. कौटिल्याच्या कोठारांत साग पहिल्या ओळींत आहे खरा; परंतु पानें, फुलें, वाख, गवत आणि राख यांनाही तेथें जागा आहे. दुसरी, या मालाचा उपयोग त्यानें दोन शब्दांत सांगितला आहे : प्रजेची उपजीविका व नगराचें रक्षण. ज्या वनांतून नांगर येतो त्याच वनांतून धनुष्यही येतें. आणि यादींतील ताडाच्या पानांकडे पुन्हां एकदां पाहा. कौटिल्याचा ग्रंथ आपल्या हातीं आला तो त्याच पानांवर लिहिलेला म्हणून. वनानें आपली नोंद स्वतःच जपून ठेविली असें म्हटल्यास चालेल.

हस्तिवन

त्या काळच्या सैन्यांत हत्तीचें महत्त्व फार. राजाचा जय मुख्यतः हत्तींवर अवलंबून असतो असें कौटिल्य निःशंकपणें सांगतो. म्हणून राज्याच्या सीमेवर हस्तिवन राखावें व त्यावर नागवनाध्यक्ष नेमावा, असा नियम आहे. त्या वनांत जो हत्ती मारील त्यास देहान्त शासन. जो आपोआप मेलेल्या हत्तीचे सुळे आणून देईल त्यास सव्वाचार पण बक्षीस. (पण हें त्या काळचें नाणें होय.) जिवंत हत्ती मारण्यांत प्राण जातो, व मेलेल्याचा दांत प्रामाणिकपणें आणून दिल्यास पैसा मिळतो, चोरटी शिकार बंद करण्याची ही युक्ति सोपी व पक्की आहे.

हत्तींची गणती कशी करावी हेंही त्यानें बारकाईनें सांगितलें आहे. माहूत, पायांस सांखळ्या घालणारे, सीमेवरचे रक्षक, वनांत फिरणारे व चाकर अशा लोकांनीं हत्तीचें मूत्र व शेण यांनीं आपल्या अंगाचा वास झांकावा, बिब्ब्याच्या फांद्यांआड लपावें, व पांच किंवा सात माणसाळलेल्या हत्तिणी बरोबर घेऊन वनांत फिरावें. हत्ती जेथें निजले त्या जागा, पावलांचे ठसे, शेण, व नदीकांठ ढासळल्याच्या खुणा यांवरून कळप केवढा हें ओळखावें. नंतर कळपांतले, एकटे फिरणारे, कळपांतून हांकलेले, कळपाचे नायक, उन्मत्त, द्वाड, पिलें व बंधनांतून सुटलेले अशी हत्तींची लेखी नोंद ठेवावी. हल्लीं वनखात्याचे लोक वन्य पशूंची गणती करतात तेव्हां पावलांचे ठसे व विष्ठा यांच्या खुणा ते पाहतातच.

हत्ती पकडण्याचा काळ उन्हाळा, व पकडावयाचा हत्ती वीस वर्षांचा. पिलूं, आजारी हत्ती, गाभण हत्तीण व पिलास पाजणारी हत्तीण यांस पकडूं नये. येथें दया आहे कीं हिशेब आहे, असें कोणी विचारील. मला वाटतें मुख्यतः हिशेब आहे. कारण पिलें व माता राखल्या नाहींत तर पुढील पिढीस हत्ती कोठून मिळणार? परंतु पुढच्या पिढीचा हिशेब ठेवणें हेंही कांहीं थोडें नव्हे.

कोणत्या देशचे हत्ती चांगले याचीही प्रतवारी दिली आहे. कलिंग, अंग व पूर्वेकडील देश, तसेच चेदि व करूष येथील हत्ती उत्तम; दशार्ण व अपरान्त येथील मध्यम; सौराष्ट्र व पंचनद येथील कनिष्ठ. अपरान्त म्हणजे आपली कोंकणपट्टी व तिच्या आसपासचा पश्चिमेचा मुलूख. त्या मुलखांत एके काळीं रानटी हत्ती होते असें यावरून दिसतें.

सातव्या अधिकरणांत एक मनोरंजक वाद आहे. द्रव्यवन अधिक मोलाचें कीं हस्तिवन? जुन्या आचार्यांचें म्हणणें असें कीं द्रव्यवन, कारण सर्व कामांस लागणारा माल त्यांतून मिळतो. कौटिल्य तें खोडून काढतो. द्रव्यवन अनेक ठिकाणीं लावतां येतें, हस्तिवन लावतां येत नाहीं, असें त्याचें उत्तर आहे. त्याच्या मनांत युद्ध होतें. तरी त्याच्या हातून एक मोठें सत्य सांगितलें गेलें. रोपें लावून झाडें उभीं करतां येतात, परंतु ज्यांत हत्तीसारखा प्राणी सुखानें नांदेल असें जुनें अरण्य माणसाला हुकमानें निर्माण करतां येत नाहीं. वृक्षारोपणाच्या दिवशीं खड्डे खणतांना ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी.

दंडाचे नियम

झाडांच्या अपराधांस तिसऱ्या अधिकरणांत चढते दंड सांगितले आहेत. नगरांतील बागेंत फुलें, फळें किंवा छाया देणाऱ्या झाडाचा कोंवळा अंकुर तोडल्यास ६ पण, लहान फांदी तोडल्यास १२ पण, मोठी फांदी तोडल्यास २४ पण. खोड तोडल्यास पहिल्या प्रतीचा साहसदंड, म्हणजे ४८ ते ९६ पण. झाड समूळ उपटल्यास मध्यम साहसदंड, म्हणजे २०० ते ५०० पण. झुडुपें व वेली यांस निम्मा दंड. सीमेवरचे वृक्ष, चैत्यवृक्ष व राजवनांतील वृक्ष यांस दुप्पट. अभयवनांतील मृग, पक्षी वा मासे मारणाऱ्यास उत्तम साहसदंड, म्हणजे सर्वांत मोठा. जिवंत पकडलेल्या पशुपक्ष्यांपैकीं सहावा हिस्सा अभयवनांत सोडून द्यावा असाही नियम आहे. आणि जो द्रव्यवनास किंवा हस्तिवनास आग लावील, त्यास अग्नींतच जाळावें असें भयंकर शासन सांगितलें आहे.

हा शेवटचा नियम वाचून आपलें मन दचकतें, आणि तें योग्यच आहे. परंतु पहिल्या नियमांतील न्याय आपण घेण्यासारखा आहे. अंकुर, डाहळी, फांदी, खोड व मूळ अशा पायऱ्या करून अपराध जेवढा तेवढाच दंड, हें तत्त्व त्यांत आहे.

अरण्यांतील माणसें

आतां या सुव्यवस्थित चित्राची दुसरी बाजू पाहूं. कौटिल्याच्या अरण्यांत माणसें राहतात. शबर, पुलिंद, फांसेपारधी व इतर वनचर यांचीं नांवें त्यानें घेतलीं आहेत. परंतु तीं कशासाठीं? गांव व किल्ले यांमधील प्रदेशावर पहारा करण्यासाठीं, द्रव्यवनांत माल काढण्यासाठीं, हेरगिरीसाठीं व सैन्यांत लढण्यासाठीं. अरण्यांतील लोकांच्या प्रमुखांस तो आटविक म्हणतो, आणि चोरांपेक्षांही त्यांस अधिक भयंकर समजतो; कारण ते आपल्या मुलखांत राहतात, संख्येनें पुष्कळ व शूर असतात, आणि राजांप्रमाणें उघडपणें लढतात.

म्हणजे ग्रंथांत हत्तीची नोंद आहे, वेळूच्या आठ जातींची नोंद आहे, परंतु ज्यांनीं त्या वेळूस नांवें दिलीं त्यांचा त्या वनावर कांहीं हक्क आहे, असें एक वाक्य कुप्याध्यक्षाच्या प्रकरणांत मिळत नाहीं. अरण्य राजाचें, अरण्यवासी त्याचे चाकर किंवा त्याचे शत्रू. या कल्पित राज्यांतील ही उणीव मोठी आहे.

कल्पना आणि इतिहास

हें सारें केवळ कागदावरच राहिलें काय? तसें नाहीं. चंद्रगुप्त मौर्यानें सेल्यूकस या ग्रीक राजाशीं इ. स. पूर्व ३०३ च्या सुमारास तह केला तेव्हां त्यास ५०० हत्ती दिले असें ग्रीक लेखक सांगतात, व इ. स. पूर्व ३०१ मध्यें इप्सस येथील लढाईंत सेल्यूकसाच्या पक्षास त्यांचा मोठा उपयोग झाला. एवढे हत्ती देणाऱ्या राज्यांत त्यांची निगा राखणारी कांहीं व्यवस्था असलीच पाहिजे. अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत नागवनाचा उल्लेख आहे. राज्याभिषेकास २६ वर्षें झाल्यावर काढलेल्या त्या लेखांत अनेक प्राण्यांस अभय दिलें आहे, आणि विनाकारण किंवा जीवहत्येसाठीं अरण्यास आग लावूं नये असें सांगितलें आहे. कौटिल्यानें आगीस बंदी केली ती राज्याचा माल जळतो म्हणून. अशोकानें केली ती जीव जळतात म्हणून. त्याच अशोकानें आपल्या तेराव्या शिलालेखांत मात्र अटवींतल्या लोकांस आपल्या सामर्थ्याची जाणीव करून दिली आहे. दयाळू सम्राटाचाही अरण्यवासीयांवर पुरता विश्वास नव्हता.

दोन निराळे आवाज

पवित्र शास्त्रांतील राजे या पुस्तकांत शलमोन राजानें मंदिरासाठीं लबानोनचे गंधसरू मागविल्याची हकीकत आपण वाचली आहे. सोरच्या हिराम राजाशीं करार करून शलमोनानें ३०,००० माणसें वेठीस धरलीं व महिन्यास १०,००० प्रमाणें पाळीपाळीनें लबानोनांत पाठविलीं. मोठ्या इमारतीमागें मोठें अरण्य आणि मोठे श्रम उभे असतात, हें त्यावरून कळतें. परंतु त्याच पवित्र शास्त्रांत, अनुवाद या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायांत, शत्रूच्या नगरास वेढा घालणाऱ्या सैन्यास अशी आज्ञा आहे कीं, फळझाडांवर कुऱ्हाड चालवूं नये; ज्यांचीं फळें खाण्याजोगीं नाहींत तींच झाडें वेढ्याच्या कामासाठीं तोडावीं.

याच जातीची आज्ञा आपल्या मराठी राज्यांतही निघाली. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नांवावर असलेलें, इ. स. १७१५ च्या सुमाराचें आज्ञापत्र प्रसिद्ध आहे. आरमारासाठीं लांकूड लागतें. तें सागादि झाडांपासून परवानगीनें घ्यावें, आणि अधिक लागल्यास परमुलखांतून विकत आणावें, असें त्यांत सांगितलें आहे. आंबा व फणस यांचें लांकूडही जहाजांच्या कामाचें. परंतु त्यांस हात लावूं नये. कारण हीं झाडें वर्षादोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं मुलांप्रमाणें वाढविलेलीं असतात, व तीं तोडलीं तर तिच्या दुःखास पार राहत नाहीं. एखादें झाड अगदीं जीर्ण झालें असेल तर धन्यास राजी करून, मोबदला देऊन मग तोडावें. बळजबरी करूं नये.

कौटिल्याचा दंडक आणि हें आज्ञापत्र शेजारीं ठेवून वाचा. दोघांनाही राज्य बळकट हवें आहे. दोघांनाही लांकडाची गरज ठाऊक आहे. परंतु कौटिल्य झाडाकडे पाहून त्याचा धनी कोण हें विचारतो, व राजा असें उत्तर देतो. आज्ञापत्र झाडाकडे पाहून तें कोणीं वाढविलें हें विचारतें, आणि त्या माणसाच्या संमतीवांचून पुढें पाऊल टाकीत नाहीं.

आपल्या काळाकडे

इंग्रजी अमलांत १८६४ सालीं वनखातें स्थापन झालें, व १८७८ च्या कायद्यानें वनांचे राखीव, संरक्षित व ग्रामवन असे वर्ग पडले. राखीव वनांत गुरें चारणें, सरपण नेणें हे अपराध ठरूं लागले. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं शेतकऱ्याचा असूड या पुस्तकांत वनखात्यामुळें शेतकऱ्यांच्या गुरांचीं कुरणें गेल्याची कडक तक्रार मांडली. १९३० सालीं महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं जंगल सत्याग्रह झाले. २५ सप्टेंबर रोजीं उरणजवळ चिरनेर येथें गोळीबार होऊन माणसें मेलीं. अरण्याचा धनी कोण, हा प्रश्न किती जिवाचा आहे हें त्यावरून दिसतें.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें प्राण्यांस अभय मिळालें, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानें अरण्यांत पिढ्यानुपिढ्या राहणाऱ्यांचा हक्क मान्य झाला. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवास २००९ सालीं आपल्या भोंवतालच्या वनाचा सामूहिक हक्क मिळाला, व पुढें तेथील ग्रामसभेनें स्वतः वेळू काढून विकण्यास आरंभ केला. कौटिल्याच्या यादींतला दुसरा वर्ग अशा रीतीनें त्या गांवच्या हिशेबाच्या वहींत आला. प्राणी आणि माणूस या दोघांचीही नोंद आतां कायद्यांत आहे. ती व्यवहारांत उतरविणें मात्र सोपें नाहीं. २००२ सालापासून कर्नाटकांतून सिंधुदुर्गांत रानटी हत्ती येऊं लागले, व २०२१ सालीं छत्तीसगडकडून एक कळप गडचिरोलींत उतरला. अपरान्तांत हत्ती परत आले ही आनंदाची वार्ता खरी. परंतु ज्या शेतकऱ्याचा माड मोडला आणि भाताचें पीक तुडवलें गेलें, त्यास ती कशी वाटत असेल याचाही विचार केला पाहिजे.

मुलांनो, या अभ्यासांतून तुम्हीं तीन गोष्टी घ्याव्या. अरण्य ही मोजून, नोंदवून, पुढच्या पिढीसाठीं राखण्याची संपत्ति आहे, हें कौटिल्यापासून शिकावें. ती संपत्ति वाढविणाऱ्या व तींत राहणाऱ्या माणसाच्या मनास दुखवून घेतलेलें लांकूड महाग पडतें, हें आज्ञापत्रापासून शिकावें. आणि कोणत्याही राज्याचा आराखडा वाचतांना, त्यांत कोणाची नोंद आहे हें जसें पाहावें, तसेंच कोणाची नोंद राहिली आहे हेंही पाहावें. सुटींत गांवीं जाल तेव्हां आपल्या आजोबांस व आजीस विचारून, घरांतील कोणती वस्तू कोणत्या झाडाची आहे याची एक यादी करा. त्या झाडाचें गांवचें नांव लिहा, आणि तें आतां जवळपास कोठें उभें आहे काय, हेंही पाहून ठेवा. पालकांनीं या कामीं मुलांस साहाय्य करावें. कौटिल्याच्या यादीएवढी ती लांब होणार नाहीं. परंतु ती खऱ्या गांवची असेल, आणि तींत माणसांचीं नांवेंही असतील.